होळीआधी कूलर उतरवताना

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरात उन्हाला धार यायला लागते आणि होळीच्या आसपास घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, "अहो, तेवढा कूलर उतरवा की." कूलर माळ्यावरून खाली येतो, मागल्या वर्षीचं गवत झटकलं जातं, पिन लावली जाते आणि मग कळतं की मोटर नुसती घुंई करतेय, पंखा फिरत नाही. वायरमन म्हणतो, परवा येतो. एप्रिलमधला हा परवा आठवडाभर लांबतो. म्हणून ही तयारी फेब्रुवारीतच करून ठेवायची. कूलर निमित्त आहे, मिक्सर-इस्त्रीलाही क्रम हाच.

वार निवडताना पाण्याचा दिवस टाळा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर, टाकी, पिंप यांची धावपळ असते, फरशी ओली असते आणि कुणीतरी मधेच मेन चालू करतं. सकाळची उजेडाची वेळ घ्या. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, बोटातली अंगठी काढलेली. मेन बंद केल्यावर बोर्डाला "काम चालू आहे" असा कागद चिकटवा आणि घरातल्या एका माणसाला तोंडी सांगा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही त्याची लाइन जिवंत राहते, हे चांगले जाणकारही विसरतात. तो वेगळा बंद करायचा. वस्तूची पिन तर काढून समोर, डोळ्यांना दिसेल अशी ठेवायची.

हत्यारं फार लागत नाहीत. लहान-मोठे दोन डिसमिस, पक्कड, वायर सोलायचा कटर, टेस्टर, मल्टिमीटर, इन्सुलेशन टेप, थोडी स्लीव्ह, पॉलिश पेपर आणि जुना टूथब्रश. स्क्रू ठेवायला आमच्याकडे इडलीपात्राची एक प्लेट कायमची दुरुस्तीच्या पेटीत गेली आहे. ज्या क्रमाने स्क्रू निघतील त्या क्रमाने खळग्यांत टाकायचे, जोडताना उलट्या क्रमाने उचलायचे. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून. लक्षात राहील म्हणणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

याशिवाय एक वस्तू घरीच बनवून ठेवा: सिरीज बोर्ड. एका होल्डरमध्ये शंभर वॉटचा पिवळा बल्ब, त्याच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बातून जाऊनच पुढे पोहोचेल असं, एक सॉकेट. संशयाची वस्तू थेट भिंतीत न लावता या सॉकेटात लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बाकी काही जळत नाही. कूलरची मोटर ठीक असेल तर तो मंद पेटतो, वायर तुटलेली असेल तर पेटतच नाही. इस्त्री मात्र इथे फसवते. तिचा एलिमेंट, म्हणजे तापणारी तार, धडधाकट असला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, तिला मीटरच हवा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. पिवळा बल्ब आता शोधावा लागतो, मिळाला की दोन घेऊन ठेवा.

वस्तू उघडण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. बंद पडली तेव्हा वास आला का, आवाज बदलला का, आधी मधूनच बंद-चालू होत होती का, दिवे गेले-आले त्याच वेळी हे झालं का? मधूनच बंद-चालू म्हणजे बहुतेक वेळा पिनेपाशी किंवा वस्तूत शिरते तिथे वायर आतून तुटलेली असते. इस्त्रीच्या बाबतीत तर सुरुवात तिथूनच करायची.

मग भिंतीकडे वळा. मी हे एकदा केलं नाही आणि मिक्सर पिशवीत घालून दोन वेळा दुकानात नेला. तिथे तो मस्त चालायचा, घरी आणला की बंद. तिसऱ्यांदा निघताना बायको म्हणाली, "अहो, बोर्ड तरी उघडून बघा." उघडला तर सॉकेटमागचा फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरचा, स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं आणि प्लॅस्टिक वितळून गुळाच्या पाकासारखं ओघळलेलं. दोन्ही चकरांचं रिक्षाभाडं अजून ऐकून घ्यावं लागतं.

सॉकेट तपासायला मेन चालू करून मीटर एसी व्होल्टवर ठेवा. तोंड आपल्याकडे असलेल्या सॉकेटात वरचं मोठं भोक अर्थिंगचं (गळती जमिनीत नेणारं), उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल (वीज परत नेणारा). फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज-अर्थिंगमध्येही तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. दोन्ही भोकांत टेस्टर पेटत असेल तर वीज जास्त आलेली नसते, मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर लागले की व्होल्टेज पडतं, तेव्हा हे माप सकाळी एकदा आणि रात्री आठ वाजता एकदा घ्या. मोटर हळू फिरण्याचं कारण कधी कधी तिथेच सापडतं.

अर्थिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्र्याचा कूलर म्हणजे पाणी, लोखंड आणि वीज एकाच पेटीत. मीटरने फेज-अर्थिंगमध्ये २३० दाखवले म्हणून अर्थिंग पक्कं असं होत नाही, मीटरला करंट नगण्य लागतो. खरी परीक्षा शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून होते. तो नेहमीसारखा लख्ख पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो लगेच पडेल, पडायलाच हवा. पण अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या क्षणी त्या वायरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीत करंट येतो, म्हणून ही परीक्षा वायरमनकडूनच करून घ्या. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर तो आपल्या उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत राहा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर नव्या कूलरआधी तो बसवा.

आता कूलर. पिन काढलेली. मीटर ओहमवर ठेवून पिनेच्या जाड पायापासून कूलरच्या पत्र्यापर्यंत माप घ्या, पण रंग खरवडून. एका ओहमच्या आत यायला हवं. मग बटणं चालू ठेवून फेजचा पाय आणि पत्रा, न्यूट्रलचा पाय आणि पत्रा. इथे मीटरवर काहीच, म्हणजे कुठलाही जोड, दिसता कामा नये. दिसलं तर पंपाची वायर आधी सोडवून पुन्हा मोजा, आमच्या अनुभवात चोर बहुतेक पंपच असतो. मीटर स्वतः छोट्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे किंचित गळती त्याच्या नजरेतून सुटते. शंका राहिली तर वायरमनच्या ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) किमान एक मेगाओहम आल्याशिवाय पाणी भरू नका.

मोटर घुंई करते आणि काडीने ढकललं की फिरते, तर मोटर सुरू करून देणारा कंडेन्सर गेला समजा. ही काडीची परीक्षा नाइलाजाने करायची आणि बोट तर कधीच नाही. पिन काढून हाताने फिरवताना पातं जड लागलं तर दोष विजेचा नाही, मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश कोरडं पडलं आहे. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्याची दोन्ही टोकं बल्ब लावलेल्या सुट्या होल्डरच्या वायरींना टेकवून तो रिकामा करा. नवा आणताना जुना खिशात घालून न्या. कूलरला बहुतेक ४ मायक्रोफॅरडचा आणि छताच्या पंख्याला २.५ चा असतो, पण लेबलवर असेल तोच घ्यायचा. मोठा घातला की मोटर जोरात फिरते, हा पेठेत ऐकलेला सल्ला वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीच्या, जिवावर येतो. पंपाचं काम सोपं आहे. जाळी काढून आतल्या पंख्यावरचा पांढरा क्षार व्हिनेगरने सोडवा, निम्मे पंप तेवढ्यावर चालतात.

इस्त्री आणि गीझरसाठी एकच हिशेब. २३० चा वर्ग भागिले वॉट, की एलिमेंटचे ओहम आले. साडेसातशे वॉटच्या इस्त्रीला साधारण ७०, दोन हजार वॉटच्या गीझरला २६. आकडा जुळला तर एलिमेंट ठीक, पुढे थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फार तापलं की तुटणारा) बघा.

मिक्सर शेंगा चटणी करताना बंद पडला असेल तर आधी त्याला उलटा करा. शेंगदाण्याला तेल सुटलं की त्याचा गोळा होतो, पातं अडतं आणि बुडाचं लाल ओव्हरलोड बटण बाहेर येतं. दहा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा. मग चटणी थोडी थोडी आणि थांबून थांबून फिरवा. तरी चालला नाही तर कार्बन, म्हणजे मोटरला घासून वीज देणारे दोन तुकडे, काढून बघा. नखाएवढे उरले असतील तर जोडीनेच बदला.

मायक्रोवेव्ह यादीत नाही. त्यातल्या कंडेन्सरवर दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो राहू शकतो. मायक्रोवेव्ह घरी उघडायचा नाही.

जोडून झालं की आधी सिरीज बोर्ड, मग भिंत, आणि पाणी सगळ्यात शेवटी. कूलरमध्ये बादली ओतताना पिन बाहेर हवी, हे मुलांनाही सांगून ठेवा. आमच्या कूलरच्या जाळीच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने ओळी लिहिल्या आहेत: २०२१ कंडेन्सर, २०२३ पंप, २०२४ बुशला तेल, गवत. या वर्षीच्या ओळीत सध्या फक्त "गवत आणणे" एवढंच लिहिलंय.