चंदेरी मनीप्लांट: पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघा

३३ वर्षं मी टपाल खात्याच्या काउंटरवर पार्सलं तोलली. शेवटी शेवटी इतकी सवय झाली होती की काट्यावर ठेवायच्या आधीच हाताला कळायचं, हे अर्ध्या किलोच्या आत आहे की वर गेलंय. निवृत्त झाल्यावर ही विद्या फुकट गेली असं वाटलं होतं, पण ती कुंड्यांच्या कामी आली. आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पार्सलं संपली, आता झाडं तोलतात."

झाड म्हणजे सिल्व्हर पोथॉस. कोणी सॅटिन पोथॉसही म्हणतं. गडद हिरवं, मखमली पान आणि त्यावर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे चंदेरी ठिपके. शास्त्रीय नाव सिंडॅप्सस पिक्टस. पिक्टस म्हणजे रंगवलेला. छोटी पानं, बारीक ठिपके असतील तर बहुतेक 'अर्जिरियस', आणि तळहाताएवढं पान, त्यावर चांदीचे मोठे पट्टे असतील तर 'एक्झॉटिका'. दोन्हींची निगा सारखीच. मी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून १८० रुपयांना आणलं, तेव्हा तिथला पोरगा म्हणाला होता, "मनीप्लांटच आहे काका, काही करावं लागत नाही." यातला पहिला अर्धा भाग चालवून घेऊ. मनीप्लांटच्याच कुळातलं आहे, पण मनीप्लांट नव्हे. मनीप्लांट जिन्यातल्या बाटलीत दहा वर्षं तग धरतो. हे तितकं सोशिक नाही, मुळाशी पाणी साचलं की बसलंच.

ही चांदी म्हणजे रंग नाही. पार्सलवर पारदर्शक टेप लावताना खाली हवा अडकली की तेवढा भाग पांढुरका चमकतो, पाहिलंय ना? पानाचंही तेच. वरची पातळ त्वचा आणि खालचा हिरवा थर यांच्यात जिथे हवेची पोकळी राहते, तिथून उजेड परत फिरतो आणि आपल्याला चांदी दिसते. म्हणून पान चोळून पुसू नका, आणि चमक यावी म्हणून खोबरेल तर मुळीच लावू नका. आमच्या नौपाड्यात शेजारची इमारत पाडून टॉवर चाललाय, त्यामुळे दर आठवड्याला पानांवर सिमेंटची भुकटी बसते. मऊ सुती कापड ओलं करून पिळायचं, एक हात पानाखाली धरायचा आणि वरून हलकेच फिरवायचं, बस.

आता जागा. मूळचं हे झाड बांगलादेश, थायलंडपासून जावा, बोर्नियो, फिलिपिन्सपर्यंतच्या पावसाळी जंगलातलं. तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडाला धरून वर चढतं. म्हणजे भरपूर उजेड हवा, पण चटका नको. आमची खिडकी पूर्वेची. सकाळी आठ ते दहा कोवळं ऊन येतं, तेवढं त्याला मानवतं. पश्चिमेची खिडकी असेल तर पडद्याआड किंवा तीन-चार फूट आत ठेवा. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमधलं दुपारचं ऊन पानावर थेट पडलं की कागदासारखे तपकिरी डाग पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. उजेड कमी पडला तर झाड मरत नाही, पण लांबतं: दोन पानांमधलं अंतर वाढतं, नवी पानं लहान येतात. टॉवर सहाव्या मजल्यावर पोचला तेव्हा माझ्या वेलीने हे दोन महिन्यांत दाखवलं. कुंडी हॉलमधून स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवली, पुढचं पान पुन्हा रुंद आलं. एसीच्या झोताखाली मात्र ठेवू नका, कडा करपतात. ठाण्याच्या थंडीची भीती बाळगायचं कारण नाही. पारा १५ च्या खाली रेंगाळला तर झाडाला त्रास होतो, आणि घरात तेवढी थंडी आपल्याकडे कुठली पडायला.

आता मुख्य गोष्ट, पाणी. "किती दिवसांनी घालायचं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. मे महिन्यात दिवसभर पंखा चालू असताना माझ्या कुंडीला पाचव्या दिवशी पाणी लागतं. जुलैत, जेव्हा दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट असतो, तेव्हा तीच कुंडी चौदा-पंधरा दिवस काढते. वार ठरवून पाणी घालणारा माणूस पावसाळ्यात हे झाड हमखास मारतो.

म्हणून वजन. माझी सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी पाणी घालून, निथळून झाल्यावर १,०५० ग्रॅम भरते. ६५०च्या आसपास आली की पाण्याची वेळ झाली. हे आकडे माझ्या कुंडीचे. तुमचे तुम्हालाच काढावे लागतील, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. एकदा भरपूर पाणी घाला, अर्धा तास निथळू द्या, वजन करा, कुंडीवर मार्करने लिहा. मग रोज एक बोट मातीत दोन पेरांपर्यंत खुपसून बघा. बोट कोरडं निघालं त्या दिवशी पुन्हा वजन करा आणि तेही लिहा. पंधरा-वीस दिवस हा उद्योग केलात की काटा कपाटात ठेवून द्या. हाताला कळायला लागतं. जड कुंडी आणि हलकी कुंडी यातला फरक भरलेल्या आणि रिकाम्या तांब्याइतका स्पष्ट असतो. सिरॅमिकच्या जड कुंडीत मात्र हा फरक हाताला नीट लागत नाही, म्हणून मी झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवतो आणि शोभेची कुंडी बाहेरून. पाणी घालताना आतली बाहेर काढायची, मोरीत ठेवून खालून वाहेपर्यंत घालायचं. शोभेच्या कुंडीच्या तळाशी साचलेलं पाणी कुणाला दिसत नाही आणि मुळं त्यातच बसून राहतात.

झाड स्वतःही सांगतं. तहान लागली की पानाच्या कडा आत वळू लागतात, सपाट पानाची हळूहळू होडी होते, आणि बोटांत धरलं तर ते दमट पापडासारखं लुळं लागतं. पाणी घाला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पान पुन्हा पसरतं. पण इथेच लोक फसतात. पान वळलंय आणि कुंडी हलकी आहे, तर ती तहान. पान वळलंय आणि कुंडी जड आहे, तर मुळं कुजलीत. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड पाण्यात बसून तहानलेलं दिसतं, आणि आपण वरून आणखी एक तांब्या ओततो.

हे मी शिकलो ते गणपतीत. पाच दिवस गावाला जायचं होतं. निघताना मायेने कुंडी भरपूर भिजवली आणि किल्ली समोरच्या वहिनींकडे दिली. वहिनी मनाने फार चांगल्या. त्यांनी पाचही दिवस न चुकता तांब्याभर पाणी घातलं. वर भाद्रपदातली हवा, खिडक्या बंद, आणि झाड अजून नर्सरीच्या लाल मातीतच. आलो तेव्हा चार पानं पिवळी, खोड मातीपाशी काळं. कुंडी उलटी केली तर मातीचा गोळा विटेसारखा निघाला आणि गटाराचा वास आला. चांगलं मूळ पांढरट असतं, दाबलं तर कडक लागतं. ही तपकिरी होती, चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. वहिनींना काय बोलणार? "पाणी घातलं ना रोज?" त्यांनी विचारलं. "घातलंत ना," म्हटलं.

वेल वाचवायची असेल तर अशा वेळी मुळांचा नाद सोडा. वरचं हिरवं, टणक खोड तेवढं आपलं. धारदार कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि असे तुकडे करा की प्रत्येकाला एक-दोन पानं आणि निदान एक गाठ राहील. गाठ म्हणजे पान जिथे वेलीच्या खोडाला फुटतं ती फुगीर जागा, माळी तिला नोड म्हणतात. तिच्याशेजारी बारीक तपकिरी खुंटी दिसते, तिथूनच मूळ येतं. नुसतं पान पाण्यात ठेवलंत तर ते हिरवं राहील, कदाचित महिनाभर राहील, पण वेल कधीच होणार नाही. कापलेली टोकं तास-दोन तास सुकू द्या, मग काचेच्या पेल्यात गाठ बुडेल एवढंच पाणी घेऊन उजेडात ठेवा. तीन-चार दिवसांनी पाणी बदला. मनीप्लांटच्या मानाने हे संथ आहे. मला दोन इंच मुळं यायला पाच आठवडे लागले. नऊ तुकडे लावले होते, सहा जगले.

हे झाड अळूच्या कुळातलं. अळू नीट शिजलं नाही, चिंच कमी पडली, तर घशाला जी खाज सुटते, त्याच जातीचे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात. कापून झाल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर टांगा.

लाल मातीबद्दल एकच सांगतो: घरी आणलं की महिन्याभरात बदला. भर पावसाळ्यात आणलं असेल तर लगेच. माझं मिश्रण असं: दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन वाट्या नारळाच्या सालीचे तुकडे, एक वाटी पर्लाइट (पांढरे, हलके खडे), एक वाटी गांडूळखत. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. सगळं मिसळून मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा आपोआप सुटला पाहिजे. लाडवासारखा वळला तर साल आणि पर्लाइट वाढवा. कुंडी मुळांच्या जुडग्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढेल हा गैरसमज आहे, तिथे फक्त ओल जास्त टिकते.

खताचं फार कौतुक नको. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही नवी पानं येत असतील तरच. डिसेंबर-जानेवारीत बंद. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी आमच्या सोसायटीत सगळे बादलीत साठवतात. ते लादी पुसायला वापरा. त्यात क्षार एकवटलेले असतात, या झाडाला घालू नका.

किडीत सगळ्यात फसवा तो थ्रिप्स. तो पानाचा रस शोषतो तिथेही चंदेरी चट्टाच पडतो! झाड आधीच चंदेरी, त्यामुळे दोन आठवडे मी "वा, ठिपके वाढले" म्हणून खूश होतो. मग पोस्टाच्या तिकिटांचं भिंग काढलं. झाडाचा स्वतःचा ठिपका पान उलगडतानाच असतो, नंतर वाढत नाही आणि स्वच्छ दिसतो. थ्रिप्सचा चट्टा मळकट राखाडी, हळूहळू पसरणारा, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके, म्हणजे किड्याची विष्ठा. दिसलं की झाड वेगळं ठेवा, पानं दोन्ही बाजूंनी नळाखाली धुवा, मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब हलवून संध्याकाळी फवारा. आधी एकाच पानावर करून दुसऱ्या दिवशी बघा. दर सहा-सात दिवसांनी, निदान चार वेळा. एकदा फवारून गप्प बसलात तर अंड्यांतून पुढची पिढी येते. बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कानकाडी स्पिरिटमध्ये बुडवून टिपून काढा. पावसाळ्यात सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसतो, तो रोग नव्हे. झाड जास्तीचं पाणी बाहेर टाकतंय.

वेल टांगली की काही महिन्यांनी खाली लांब शेपट्या आणि वर टक्कल, असं होतं. त्यावर उपाय आमच्या हिचा: एक-दोन वेली वर वळवून मातीवर गोल ठेवायच्या आणि गाठीपाशी केसांचा आकडा खुपसून दाबायच्या. गाठ मातीला टेकली की मूळ धरते, फुटवा येतो. दुसरा मार्ग म्हणजे वर चढवणं. मी कुंडीत एक खडबडीत फळी उभी केलीय. वेल तिला चिकटली की पानंही फळीला टेकून, कौलं रचावीत तशी एकावर एक बसतात. टांगलेल्या वेलीत ही शोभा नाही, असं माझं मत. हिला पटत नाही.

गणपतीतल्या त्या सहा तुकड्यांपैकी एक मी चार इंची कुंडीत लावून वहिनींना दिला. कुंडीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: भरलेली ४२०, पाणी २६०ला. सुरुवातीला त्या हसल्या. परवा सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरून आवाज आला, "भाऊजी, दोनशे नव्वद आलंय, घालू का?"

थांबा म्हटलं.