गटात गणित सोडवताना: काड्या, चौरस आणि ६२ हे उत्तर

गटात गणित दिलं की बहुतेक वर्गांत एक मूल सोडवतं आणि बाकीची उतरवून घेतात. यात दोष बहुधा उदाहरणाचा असतो. ज्याची रीत फळ्यावर आधीच शिकवून झाली आहे, ते उदाहरण गटाला देऊ नका, ते एकट्यानेच सोडवायचं असतं. गटासाठी असं निवडा की सुरुवात सगळ्यांना करता येईल, पण एका झटक्यात कुणालाच संपवता येणार नाही.

एक नमुना घ्या. काडेपेटीच्या काड्यांचे चौरस एका ओळीत, एकमेकांना चिकटून मांडायचे. लागून असलेल्या दोन चौरसांत मधली काडी सामाईक. १ चौरसाला ४ काड्या लागतात, २ चौरसांना ७, ३ चौरसांना १०. मग २० चौरसांना किती? आणि कितीही चौरसांना?

गट तिघांचे करा आणि चिठ्ठ्या टाकून पाडा. चौघांत एक जण हमखास नुसता बसून राहतो. आधी दोन-तीन मिनिटं प्रत्येकाने आपल्या वहीत एकट्याने विचार करायचा. ही पायरी गाळली की ज्याचा आवाज मोठा, त्याचीच रीत गटाची होते. मग गटाला एक मोठा कागद आणि एकच पेन द्या. कागद भिंतीला लावलेला बरा. बाकावर ठेवला तर समोरच्याला तो उलटा दिसतो आणि तो आपोआप बाजूला पडतो. पेन ज्याच्या हातात, त्याने दुसऱ्याने सांगितलेलंच लिहायचं. दर पाच मिनिटांनी पेन पुढच्याकडे.

या वेळात शिक्षकाने फिरायचं, ऐकायचं, सांगायचं कमी. ‘सर, बरोबर आहे का?’ असं विचारलं की ‘कशावरून म्हणता?’ हाच प्रश्न, उत्तर बरोबर असो वा चूक. फक्त चुकलेल्यांनाच तो विचारलात, तर दोन दिवसांत मुलं त्यावरूनच उत्तर ओळखायला लागतात.

या उदाहरणात साधारण तीन उत्तरं येतात: ८०, ६२ आणि ६१. ८० वाल्यांनी प्रत्येक चौरस सुटा धरलेला असतो. ६२ जास्त मोलाचं. १० चौरसांना ३१ काड्या, म्हणून २० ला दुप्पट, असा तो हिशोब. ऐकायला इतका पटतो की गटातलं कुणी हरकतच घेत नाही. खोडून काढू नका. लहान आकड्यावर करून बघायला सांगा. २ चौरसांना ७, मग ४ ला १४ का? काड्या मोजल्या की १३ भरतात. आता जास्तीची काडी नेमकी कोणती, ते त्यांनीच बोट ठेवून दाखवायचं: दोन तुकडे जोडताना सांध्यावर एकावर एक आलेली. ही काडी सापडली की ८० वाल्यांचंही काम होतं. २० चौरसांत असे १९ सांधे, म्हणून ८० − १९ = ६१.

चर्चेत गटांना बोलवायचा क्रम आधी ठरवा. ४, ७, १०, १३ असं मोजत गेलेला गट पहिला, नाहीतर त्यांचं काम नंतर फिकं वाटतं. मग ३न + १ (न म्हणजे चौरसांची संख्या), ४न − (न − १), आणि शेवटी २न + (न + १), म्हणजे आडव्या काड्या वेगळ्या, उभ्या वेगळ्या. प्रत्येक सूत्राला एकच कसोटी: यातला प्रत्येक आकडा चित्रात दाखवा. ३न + १ मधला १ कुठे आहे? डावीकडची पहिली उभी काडी. ही सूत्रं एकच आहेत हे बीजगणिताने दाखवणं त्यानंतर, आधी नाही.

४० मिनिटांच्या तासाला मांडणी व एकट्याने विचार ५, गट १५, चर्चा १५, शेवटची ५ पुन्हा एकट्याने. चर्चेचाच वेळ नेहमी खाल्ला जातो, म्हणून गट अर्धवट असले तरी घड्याळ बघून थांबवा.

शेवटच्या पाच मिनिटांचा प्रश्न: १०० काड्यांत किती चौरस होतील, किती काड्या उरतील? कुणी १०० ला ३ ने भागून ‘३३ चौरस, १ काडी उरली’ असं लिहील. चौरस बरोबर आहेत, पण एकही काडी उरत नाही. आकडा जुळला म्हणून बरोबरची खूण करू नका. काड्या हातात द्या आणि उरलेली काडी कोणती, ते दाखवायला सांगा.