‘भक्ती’ हा शब्द वापरताना

‘भक्ती’ स्त्रीलिंगी. मूळ संस्कृत धातू भज्: वाटून घेणे, सेवा करणे. नुसते मानणे म्हणजे भक्ती नव्हे, तिच्यात सेवा आणि जवळीक दोन्ही येतात. म्हणूनच श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन अशा 9 प्रकारांत सख्यालाही जागा आहे. दासबोधाचा चौथा दशक या नवविधा भक्तीचाच.

वाक्यात घालताना आधी विभक्ती सांभाळा. श्रद्धा देवावर असते, भक्ती देवाची करतात. ‘तो देवावर भक्ती करतो’ कानाला खटकते ते यामुळेच. ‘जडणे’ आले की मात्र ‘वर’ किंवा ‘ठायी’ चालते: विठ्ठलाच्या ठायी भक्ती जडली. पूजा सकाळी आटोपते, भक्ती आटोपत नाही. त्यामुळे ‘आज सकाळी भक्ती केली’ असे लिहू नका. तिथे पूजा, जप, नामस्मरण, जे केले असेल तेच लिहा. देवळापुढच्या रांगेत उभे असतात ते भाविक. ‘भक्त’ म्हटले की कोणाचा, हे बहुधा सोबत येते: रामभक्त, विठ्ठलभक्त.

सर्वाधिक चुका होतात त्या वेलांटीत. सुटा शब्द दीर्घ: भक्ती. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले तरी दीर्घच: भक्तीने, भक्तीचा, भक्तीमुळे, भक्तीशिवाय. समासात पहिले पद असेल तर ऱ्हस्व: भक्तिभाव, भक्तिगीत, भक्तिमार्ग, भक्तिरस. शेवटचे पद असेल तर पुन्हा दीर्घ: देशभक्ती. ‘गुरुभक्ती’त दोन्ही नियम एकदम दिसतात: सुटा ‘गुरू’ दीर्घ, पण इथे पुढे आल्याने रु ऱ्हस्व, आणि शेवटची ती दीर्घ. त्याच शब्दापुढे आणखी पद जोडले की तीही ऱ्हस्व होते: देशभक्तिपर गीते.

शंका आली तर ‘भक्ती’च्या जागी ‘सेवा’ ठेवून पाहा. ‘सेवेमुळे’ होते, म्हणजे रूप बदलले, तिथे दीर्घ. ‘सेवाभाव’मध्ये सेवा तशीच राहते, तिथे ऱ्हस्व. ‘भक्तीभाव’, ‘भक्तीगीते’ ही फलकांवर सर्रास दिसणारी रूपे या कसोटीवर लगेच उघडी पडतात.

जुन्या छापील पोथ्यांत सुटा शब्दही ‘भक्ति’ असाच आढळतो. अवतरण घेताना तो तसाच ठेवा, आजच्या नियमाने दुरुस्त करू नका.