खेळाच्या शिबिराआधीची अ‍ॅलर्जीची यादी, मागच्या वेळी राहिलेल्या प्रश्नासकट

मागच्या शिबिराच्या फॉर्मवर एकच ओळ होती: ‘अ‍ॅलर्जी आहे का? हो / नाही.’ चौदा वर्षांच्या एका मुलाने ‘नाही’भोवती गोल केला होता, खाली पालकांची सही. दुसऱ्या दिवशी नाश्ता होऊन तासभर झाला असेल. मैदानाच्या चौथ्या फेरीत तो थांबला आणि दोन्ही हातांनी मांड्या खाजवायला लागला. मानेवर नाण्याएवढ्या गांधी होत्या. बघता बघता ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, ‘चक्कर येतेय’ म्हणत तो खाली बसला. इंजेक्शन वेळेत मिळालं, मुलगा आज ठणठणीत आहे. आईला फोन केला तेव्हा ती सहज म्हणाली, ‘‘अहो, खेळून आला की कधी कधी पित्त उठतं त्याच्या अंगावर.’’ आमच्या फॉर्मवर पित्ताचा रकानाच नव्हता.

तेव्हा सगळ्यात आधी हे लिहून घ्या, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल: ‘खाऊन पळाल्यावर कधी काही झालंय का?’ असं विचारा. याच शब्दांत. काही मुलांना एखादा पदार्थ नुसता खाऊन काही होत नाही आणि नुसतं पळूनही काही होत नाही. तो पदार्थ पोटात गेल्यावर चारेक तासांच्या आत जोराचा व्यायाम झाला, तरच अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उठणारा, जिवावर बेतू शकणारा अ‍ॅलर्जीचा झटका, येतो. शेलफिश (कोळंबी, खेकडे, शिंपले वगैरे) खाऊन व्यायाम केलेल्याची अशी नोंद १९७९ साली झाली, तेव्हा हे काही नवं नाही. गहू हे नेहमी सापडणारं कारण, त्यातही ओमेगा-५ ग्लायडिन नावाचं प्रथिन. आमच्या मुलाचंही पुढे गव्हावरच निदान झालं, आणि तो गहू घरी रोज खात होता! मग ‘अ‍ॅलर्जी आहे का’ला आई ‘हो’ कशाला म्हणेल? भरीस भर म्हणजे त्या सकाळी घोटा दुखतो म्हणून त्याने आयबुप्रोफेन घेतली होती. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी हा झटका सहज येतो आणि जोरातही येतो. म्हणून प्रश्नाला शेपूट जोडा: ‘आणि त्या दिवशी कुठली गोळी घेतली होती का?’

फॉर्म शिबिराच्या सहा आठवडे तरी आधी पाठवा, म्हणजे कुणाला तज्ज्ञाकडे पाठवायचं झालं तर वेळ हाताशी राहतो. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द एकदाच वापरा, पुढे लोक बोलतात ते शब्द लिहा: पित्त उठणं, ओठ किंवा पापण्या सुजणं, घसा आवळल्यासारखा होणं, छातीत शिटी वाजणं, पळून थांबल्यावर खोकल्याची उबळ, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर बारीक पुरळ. फॉर्म पालक भरतात, पण मुलाशी वेगळं बोला, प्रशिक्षक आणि पालक समोर नसताना. संघातून वगळतील या भीतीने मुलं सर्रास लपवतात. ‘खरं सांगितलंस म्हणून तुला कुणी काढणार नाही’ हे आधी सांगा, आणि पाळाही. मग तोच प्रश्न पुन्हा: खाऊन पळाल्यावर काही झालंय का?

सरसकट सगळ्यांच्या रक्ततपासण्या करू नका. दरवर्षी कुणीतरी उत्साही माणूस हे सुचवतोच. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नसतं. शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवलाय, एवढाच त्याचा अर्थ. मग धडधाकट मुलाचं दूध-अंडं विनाकारण बंद होतं. चाचणी करायची ती ज्याच्या बोलण्यात काही सापडलं त्याचीच, आणि तज्ज्ञाच्या सांगण्यावरून. त्वचेवर टोचून करायची असेल तर अँटिहिस्टामिन गोळ्या (पित्त उठल्यावर घेतात त्या) साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात, नाहीतर सगळंच निगेटिव्ह येतं आणि हेलपाटा फुकट.

दमा वेगळा विचारा. पळताना ठीक आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला, याला ‘स्टॅमिना कमी’ म्हणून सोडून देऊ नका. आटोक्यात नसलेला दमा असेल तर अ‍ॅनाफिलॅक्सिस जास्त जीवघेणा होतो. स्पर्धांना जाणाऱ्यांनी औषधं डोपिंगच्या, म्हणजे खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या, यादीशी ताडून बघायची. दम्यासाठी श्वासावाटे घ्यायचं सालब्युटामॉल मर्यादेत चालतं (२४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, त्यातही कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही), पण तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड स्पर्धेच्या काळात चालत नाही, त्यासाठी परवानगी काढावी लागते. पोहणाऱ्यांना थंडीने गांधी उठतात का ते विचारा. गार पाण्यात अंगभर गांधी उठून शुद्ध हरपली तर काय होईल ते सांगायला नको. मधमाशीचा डंख, लॅटेक्सचे पट्टे, चिकटपट्टी, प्रोटीन पावडरीतलं दूध: एकेक ओळ पुरे.

आता इंजेक्शन. अ‍ॅड्रेनालिनचा ऑटो-इंजेक्टर (ठरलेला डोस आपोआप टोचणारं पेन) साधारणपणे १५ ते ३० किलो वजनाला ०.१५ मिलिग्रॅमचा आणि त्यावर ०.३ मिलिग्रॅमचा. मुलाचं वजन आता किती आहे ते बघा, दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी धरून बसू नका. एक्स्पायरी बघा. इंजेक्टर मैदानावरच्या बॅगेत हवा. ऑफिसच्या कपाटात नको, उन्हात तापणाऱ्या गाडीत तर नकोच. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर द्यायचा, कपड्यावरूनही चालतो. सरावाच्या नकली पेनने सगळ्या प्रशिक्षकांकडून प्रत्यक्ष करून घ्या, नुसतं ‘माहितीये’ ऐकून घेऊ नका. ऑटो-इंजेक्टर मिळत नसेल तर पर्याय डॉक्टरांकडून लेखी घ्या. आधी पित्ताची गोळी देऊन ‘बघू’ म्हणत थांबायचं नाही, ती गोळी झटका थांबवत नाही. मुलाला आडवं करा, पाय वर. श्वास लागत असेल तर बसू द्या. उठवून चालवत न्यायचं नाही. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस, म्हणून पेन दोन. बरं वाटलं तरी हॉस्पिटल, कारण काही तासांनी झटका पुन्हा येऊ शकतो.

शिबिराच्या दिवशी: प्रत्येक मुलाची एका पानाची योजना, फोटोसकट. स्वयंपाकघराला यादी. ज्याचं निदान झालंय त्याचा सराव खाण्याच्या आधी, किंवा तो पदार्थ टाळून. एकट्याने पळायला पाठवायचं नाही. अंगाला खाज सुटली की तिथेच थांबायचं, ‘एवढी फेरी पूर्ण कर’ नाही. वेदनाशामक गोळी कुणालाही परस्पर द्यायची नाही.

प्रवासात पेन हातातल्या बॅगेत. फोन नंबर कागदावर. फॉर्म दरवर्षी नवा, कारण हे प्रकार वयात येतानाही नव्याने सुरू होतात. छापायला देण्याआधी एकदा शोधा, ‘खाऊन पळाल्यावर’ ही ओळ त्यात आहे का. आणि गोळीची?