शब्द एकटा पाठ करू नका

चौथीपर्यंत मी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत शिकले. पाचवीत हायस्कूलला गेले आणि गणित, विज्ञान, भूगोल सगळंच एका दिवसात इंग्रजीत झालं. गोव्यातल्या गावांतल्या बहुतेक मुलांची वाट हीच. ज्यांना आत्ता आठवी-नववीत इंग्रजी शब्दांचा धसका बसलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आठवीत मी एक वही घातली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज दहा. मे महिना संपेपर्यंत ६०० शब्द झाले. जूनमध्ये बाईंनी विचारलं, सुट्टीत काय केलंस ते पाच वाक्यांत सांग. सुट्टीभर मी आजीबरोबर काजूच्या बागेत होते. खाली पडलेले बोंडू वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, उन्हात घालायची. यातलं एकही वाक्य मला सांगता येईना. वहीत ‘अबँडन’ होता, ‘अ‍ॅब्सर्ड’ होता, पण वेचणं नव्हतं, पिळणं नव्हतं. मी खाली बसले आणि घरी येऊन खूप रडले.

त्याच रात्री मावशीने वहीचं मागचं पान उघडलं आणि माझ्याकडून कामाच्या क्रमाने लिहून घेतलं: पिक अप द फ्रूट, ट्विस्ट ऑफ द नट, ड्राय द नट्स इन द सन. तीन ओळी. त्या आजही विसरलेल्या नाहीत, कारण प्रत्येक ओळीमागे माझा हात आहे, बोंडवाचा वास आहे. (काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं आणि इंग्रजीतला ‘कॅश्यू’ पोर्तुगीज ‘काजू’वरूनच आला. ‘मान्सून’सुद्धा पोर्तुगीज मार्गे आलेला, मूळ अरबी ‘मौसिम’, म्हणजे आपल्या ‘मोसमा’चा सख्खा भाऊ. हे कळलं तेव्हा इंग्रजी मला पहिल्यांदा जरा जवळची वाटली.)

तेव्हापासून मी सुटा शब्द लिहिणं सोडलं. शब्द नेहमी त्याच्या सोबत्याला घेऊन लिहायचा. आपण मराठीत पाऊसही जोराचा म्हणतो आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, आणि कडक चहासुद्धा ‘स्ट्राँग’. आपण चूकही करतो आणि गृहपाठही करतो. तिथे ‘मेक अ मिस्टेक’, पण ‘डू होमवर्क’. आपण परीक्षा देतो, म्हणून मुलं ‘गिव्ह’ लिहितात. तिथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. दिवा बंद कर म्हणताना ‘क्लोज’ नाही, ‘टर्न ऑफ’. या चुका बुद्धी कमी म्हणून होत नाहीत. आपण मनात मराठी वाक्य रचतो आणि एकेक शब्द बदलत जातो, म्हणून होतात. जोडी पाठ असली की बदलायची वेळच येत नाही.

‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांच्यापुढे एखादा छोटा शब्द लागला की अर्थ पालटतो आणि मुलं घाबरतात. पण आपल्या ‘पडणे’कडे बघा: पाऊस पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, उजेड पडतो, एखादी गोष्ट महागात पडते. ही यादी कुणी आपल्याला पाठ करायला दिली होती का? प्रसंगात ऐकत ऐकत ती अंगवळणी पडली. म्हणून ‘पुट’चे वीस अर्थ एका बैठकीत घोकू नका. आग विझवली तर ‘पुट आउट’, सभा पुढे ढकलली तर ‘पुट ऑफ’. बातमीत भेटेल तसा एकेक घ्या. अशा साध्या शब्दांची ताकद मोठी आहे. बंगालमध्ये शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० अत्यंत उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. हे सगळे त्यात आहेत. दहावीपर्यंत आधी असे शब्द हाताशी हवेत, भारदस्त शब्द नंतर.

बातमीचं मी असं करायचे: सकाळी घरी मराठी पेपर, दुपारी शाळेच्या वाचनालयात त्याच दिवसाचा इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’. तीच बातमी शोधायची. काय घडलं ते आधीच ठाऊक असल्यामुळे कोशाची फारशी गरज लागत नाही. ‘आरोप फेटाळले’च्या जागी ‘डिनाइड द अ‍ॅलिगेशन्स’, ‘वाहतूक ठप्प झाली’च्या जागी ‘ट्रॅफिक केम टू अ स्टँडस्टिल’. एका बातमीतून दोनच तुकडे घ्यायचे, जास्त नाही.

आता उजळणी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीच्या तासा-दिवसांतच निसटतं. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. बिस्किटांचे तीन डबे: रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की परत रोजच्या डब्यात. वाळपई ते साखळी बसमध्ये मी आणि मैत्रीण एकमेकींना विचारायचो, आणि उत्तर मोठ्याने द्यायचं हा नियम. तोंडातून न निघालेला शब्द वर्गात आयत्या वेळी येत नाही.

यंदा गणपतीच्या चवथीला चुलतभावाला (तो नववीत आहे) मी म्हटलं, माटोळी काय ते परदेशी पाहुण्याला सांग बघू. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, “अ वुडन फ्रेम हंग अबव्ह द गणेश आयडल, विथ फ्रूट्स अँड वाइल्ड प्लांट्स टाइड टू इट.” माटोळीला मात्र त्याने माटोळीच म्हटलं. मग चिठ्ठी मागून घेतली आणि बांधलेल्या एकेका फळाचं इंग्रजी नाव विचारत माझ्या मागे लागला. त्यातली निम्मी मलाही येत नव्हती. आम्ही दोघं कोश घेऊन माटोळीखालीच बसलो.