ब्रेल कीबोर्ड फोनला जोडताना: ठिपक्यांचं अक्षर कोण करतं, ते आधी शोधा

ब्रेल कीबोर्डचं यंत्र चार्ज आहे, फोनवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय; आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक) चालू आहे आणि ब्रेलचे सहा ठिपके तुम्हाला येतात, असं धरून चालते. ठिपके येत नसतील तर आधी ते शिका. कीबोर्ड ब्रेल शिकवत नाही.

विकत घेण्याआधी एक करा. आयफोनवर २०१४पासून आणि अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये २०२०पासून थेट काचेवर ब्रेल लिहिता येतं, तेही फुकट. आठवडाभर तसं लिहून बघा. बोटं सरकून वैताग आला, तरच खऱ्या बटणांवर पैसे घाला.

आता जोडणी. इथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. 'ब्लूटूथ चालू करा, यादीतलं नाव निवडा, झालं' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ही यंत्रं दोन जातींची असतात. एक जात फक्त कुठली बटणं दाबली एवढंच कळवते. अक्षर फोनमधला स्क्रीन रीडर करतो. दुसरी जात अक्षर स्वतः तयार करून साध्या कीबोर्डसारखं फोनला पाठवते. दुसऱ्या जातीला ब्लूटूथची नेहमीची यादी चालते. पहिलीला चालत नाही. माझं यंत्र पहिल्या जातीचं होतं. मी ते नेहमीच्या यादीतून जोडलं, फोन 'कनेक्टेड' म्हणाला आणि पुढे कितीही बटणं दाबली तरी एक अक्षर उमटेना. यंत्रच खराब निघालं, असं समजून मी ते परत करायला निघाले होते.

तुमचंही असं झालं असेल तर ब्लूटूथच्या यादीतून ते नाव पुसून टाका. मग आयफोनवर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर, ब्रेल असं जाऊन तिथून यंत्र निवडा. अँड्रॉइडवर टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये 'ब्रेल डिस्प्ले' शोधा. तुमच्या यंत्राला डिस्प्ले, म्हणजे बोटांनी वाचायची ठिपक्यांची पट्टी, नसला तरी जायचं तिथेच. या नावाने मला नको तितकं फिरवलं.

पहिल्या जातीच्या यंत्राला आणखी एक गोष्ट लागते: फोनमधला ब्रेल तक्ता, म्हणजे कुठल्या ठिपक्यांचं कुठलं अक्षर याची यादी. सुरुवातीला संक्षिप्त ब्रेल (एका खुणेत अख्खा शब्द किंवा त्याचा भाग लिहायची पद्धत) बंदच ठेवा. इंग्रजीत नुसता 'के' लिहून स्पेस दिली की संक्षिप्त तक्ता त्याचं 'नॉलेज' करतो, आणि पासवर्ड लिहिताना हे फार महागात पडतं. मराठीसाठी मराठीचाच तक्ता निवडा. मग दोन गोष्टी सांभाळा. हलन्ताचा ठिपका ४ व्यंजनाच्या आधी येतो, म्हणजे 'क्या' लिहिताना आधी ४, मग क, य, आ. आणि 'म'नंतर लगेच १-२-५-६ (म्हणजे 'ऊ') दाबलंत तर 'मू' होईल. 'मऊ' हवं असेल तर मध्ये 'अ'चा ठिपका १ द्यावा लागतो. डोळस कीबोर्डची सवय असलेले इथे हमखास अडखळतात.

लिहिणं सोपं आहे: डावीकडे १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६. अक्षर बटणं सोडल्यावर उमटतं, दाबल्यावर नाही, म्हणून सगळी बोटं एकदम उचला. हेबल वनसारख्या यंत्राची बटणं आपल्यापासून पलीकडे तोंड करून धरायची असतात. पाटी-स्टायलसवर (कागदावर हाताने ठिपके टोचायच्या साधनावर) उजवीकडून उलटं टोचायची सवय इथे आणू नका; डाव्या हाताचे ठिपके डाव्याच हाताला राहतात.

फोनभर फिरायला, पहिल्या जातीत, स्पेससोबत ४ म्हणजे पुढे, स्पेससोबत १ म्हणजे मागे, स्पेससोबत १-२-५ म्हणजे होम. बाकीचं वापरता वापरता येतं.

काम झालं की यंत्र बंद करूनच पिशवीत टाका. दुसऱ्या जातीचं यंत्र चालू राहिलं तर आयफोन पडद्यावरचा कीबोर्ड दाखवत नाही, आणि तुम्ही भर घाईत 'कीबोर्ड गेला कुठे' म्हणून फोन बंद-चालू करत बसता.