हिवाळ्यात घरच्यांसोबत समुद्रावर: रिसॉर्ट नंतर, आधी तिथी बघा

ठाण्यात थंडी कसली, असं म्हणता म्हणता डिसेंबर उजाडतो. घोडबंदर रोडवर सकाळी धुरकं साचतं, घरात आजोबांचा खोकला सुरू होतो आणि पोरं सुट्टीत भिंतीवर चढायला लागतात. नागाव, काशीद किंवा दिवेआगरला दोन रात्री काढणं हा त्यावरचा रास्त उपाय. हवेत चिकचिक नसते आणि समुद्राचं पाणीही अंगाला बोचेल इतकं गार होत नाही. पण बहुतेक जण तारीख ठरवतात ती ऑफिसची रजा आणि रिसॉर्टची ऑफर बघून. मग तिथे पोचावं तर समुद्र पार लांब गेलेला.

तारीख

२४ डिसेंबर ते १ जानेवारी सरळ सोडून द्या. भाडं चढलेलं, ३१च्या रात्रीचं जेवण बऱ्याच ठिकाणी सक्तीचं, शेजारी डीजे. त्यापेक्षा जानेवारीतला शुक्रवार-शनिवार घ्या. शाळा एक दिवस बुडाली तर बुडू दे.

आता यातला कोणता शुक्रवार? त्यासाठी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की येते ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी चढलेलं. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला. मिनिटांचा तक्ता मोबाइलवर मिळतोच आणि मुंबईचा तक्ता अलिबागलाही चालतो. पण बुकिंगची तारीख ठरवायला एवढं पुरतं.

हे कशाला करायचं ते नीट समजून घ्या, कारण सहलीचा निम्मा आनंद आणि सगळी सुरक्षितता इथेच ठरते. लोक एकच्या सुमारास पोचतात, जेवतात, जरा लवंडतात आणि तीन-साडेतीनला समुद्रावर येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास हाच वेळ सर्वांत वाईट. भरती बाराला होऊन गेलेली असते आणि पाणी काही एकसारखं उतरत नाही. पहिल्या तासात थोडंच उतरतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं, शेवटी पुन्हा थोडंसं. म्हणजे दोन ते चारच्या दरम्यान समुद्र सर्वांत जोरात मागे सरकत असतो, आणि उधाणाचे दिवस असल्याने उतरायचं पाणीही जास्त. नागावसारख्या सपाट पुळणीवर मग सहाला सूर्य बुडताना पाणी कुठल्या कुठे गेलेलं दिसतं. पोरं ओल्या वाळूतून त्याच्या मागे मागे चालत जातात आणि आईबाप काठावर भेळ खात बसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजातली १४ मुलं बुडाली, तीही दुपारीच. ‘पाणी तर गुडघ्याएवढंच आहे’ हे वाक्य ओहोटीत कोणी बोललं तर त्याचं ऐकू नका.

आपल्याला हवे असलेले दिवस म्हणजे षष्ठी ते अष्टमी, कोणत्याही पक्षातले. हे भांगाचे दिवस: भरतीही बेताची, ओहोटीही बेताची. दुपारी पाणी चढत असतं, म्हणजे ओढ किनाऱ्याकडे. भरतीच्या आधीचे दोन तास पाण्यात उतरायचे. षष्ठीला अडीच ते साडेचार, अष्टमीला चार ते साडेपाच. सूर्यास्त साधारण सव्वासहाला, त्याच्या बऱ्याच आधी बाहेर. भरती पूर्ण झाली की तिचं पाणी तासभर तसंच दिसतं, पण ते उलटलेलं असतं. एकादशी-द्वादशीची रजाच मिळत असेल तर समुद्रस्नान सकाळी उरका. तेव्हा मतलई वारे जमिनीवरून वाहतात आणि पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की लाटा वाढतात. मात्र मतलई वाऱ्यात फुगवलेली ट्यूब किंवा हवेची गादी पाण्यात न्यायची नाही. वारा ती सरळ समुद्रात आत घेऊन जातो.

पाण्यात खोली मांडीपर्यंत, पोरगं मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात, बस. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा गुळगुळीत दिसतोय, तर तो पोहायला बरा म्हणून तिथे जाऊ नका. पाणी परत जाण्याची वाट तीच असते. त्यात सापडलात तर काठाकडे झगडू नका, काठाला समांतर सरका. काशीद दिसायला देखणा, पण तिथला उतार तीव्र आहे. लहान मुलं असतील तर नागाव किंवा दिवेआगर बरं.

भांगाच्या दिवसांचा एक तोटा सांगायला हवा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची वाट तेव्हा पूर्ण कोरडी पडत नाही, घोडागाडी करावी लागते. पायी किल्ला करायचाच असेल तर पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी लागते, आणि पाणी वळायच्या आत परतावं लागतं.

रिसॉर्ट

‘समुद्राला लागून’ या शब्दांवर जाऊ नका. लोकेशन मागवा, उपग्रह नकाशावर बघा: खोली आणि वाळू यांच्यात सुरूचं बन आहे की गावचा रस्ता? मग फोन करून इतकंच विचारा. आजीसाठी तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसते पंखे, जादा गादीचे किती, नळाचं पाणी खारं आहे का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि केसांची काथ्या होते. उत्तरं मिळाली की तीच व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

जाणं

ठाण्याहून साडेपाचला निघा: ऐरोली, ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली, पळस्पे फाटा, पेण, वडखळ. अलिबाग-नागावला इथून पोयनाडवरून. दिवेआगरला जाणाऱ्यांनी नागोठणे, कोलाड करत माणगाव गाठायचं. माणगावात सुट्टीच्या दिवशी गाडी अडकते, तो तास हिशोबात धरा. गाडी पुळणीवर उतरवू नका. चाकं रुततात, आणि हिवाळ्यात उधाणाला रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते.

पोपटी

सुरमई-पापलेट एरवीही मिळतं. हिवाळ्यात रायगडात गेलात तर पोपटी मागा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा, आयत्या वेळी होत नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ, पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा, थेंब चर्रकन उडाला की झाली. पाण्याचा थेंबही आत घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीवरच सगळं शिजतं. शाकाहारी माणसं असतील तर वेगळं मडकं सांगा, आत पुडी बांधून काम भागत नाही. चिंबोऱ्या मात्र अमावास्येला भरलेल्या असतात असं कोळणी सांगतात, तेव्हा खवय्यांनी हवं तर वरचा सगळा हिशोब उलटा करावा आणि पाण्यात न उतरता जेवून यावं.

परतताना

रविवारी दुपारी जेवून निघालात तर वडखळ ते पळस्पे रांगेत जाल. सकाळी दहाला निघा किंवा सरळ सोमवारी पहाटे. पोहण्याचे कपडे रिसॉर्टच्या बाहेरच्या नळावर दोनदा खळबळून घ्या, नाहीतर वाळू घरच्या मशीनच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. आणि त्याच आठवड्यात गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा.